माळाची साक्ष, आकाशाची साक्ष

वाशिम जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोहोचतं ते बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या यादीतून. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होतं. २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या बरोबरीने पुन्हा वाशिमचं नाव आलं. या याद्या खोट्या नाहीत. त्यांतून निधी येतो, कामं मार्गी लागतात. पण १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यापाशी काय नाही, एवढंच त्या सांगतात. काय आहे, ते सांगणारी कागदपत्रं फार थोडी. महाराष्ट्राच्या निसर्गाची जी छायाचित्रं देशभर फिरतात, त्यांतही वाशिम सहसा नसतं. सह्याद्रीचे धबधबे असतात, कासची फुलं असतात, ताडोबाचा वाघ असतो. वाशिमपाशी समुद्र नाही, गडकिल्ल्यांची रांग नाही, वाघासाठी नावाजलेलं जंगल नाही. आहे तो माळ, त्यावरचं गवत, गवतातले काळवीट, आणि रात्री अजूनही बऱ्यापैकी काळंभोर राहिलेलं आकाश. कुणी हे टिपून लोकांत वाटलं, की त्याकडे हौस म्हणून पाहिलं जातं. मला हा प्रकार हौशीपेक्षा बराच मोठा वाटतो. आपल्या परिसरातल्या निसर्गाचं किंवा आकाशाचं छायाचित्र चारचौघांपुढे मांडणारा माणूस त्या जागेच्या वतीने साक्ष देत असतो. म्हणूनच साक्षीला जी शिस्त लागते, ती या छायाचित्रांनाही लागली पाहिजे.

छायाचित्र पुरावा म्हणून वापरणं इथल्या खेड्यांना नवीन नाही. घरकुलाचा पुढचा हप्ता मिळवायचा तर बांधकामाचा जिओ-टॅग केलेला फोटो चढवावा लागतो. गारपिटीने किंवा पाणी साचून सोयाबीन गेलं, तर अलीकडेपर्यंत पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत नुकसान कळवावं लागायचं आणि ॲपवर फोटो द्यावा लागायचा. रोही किंवा रानडुकरांनी हरभऱ्याचा फडशा पाडला, तर पंचनाम्याला फोटो लागतो. जागा, तारीख आणि वेळ नसलेला फोटो कुणी हिशेबात धरत नाही, हे रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण तोच माणूस, तोच मोबाइल हातात घेऊन, मावळतीला टेकलेली चंद्रकोर आणि तिच्याशेजारी चमकणारी शुक्राची चांदणी टिपतो, तेव्हा त्याखाली काहीच लिहीत नाही. दोन-चार ग्रुपांतून फिरल्यावर ते दृश्य कुणी लडाखचं म्हणून दाखवतं, कुणी पाच वर्षांपूर्वीचं म्हणून. त्याची गत गट नंबर नसलेल्या सातबाऱ्यासारखी होते: कागद खरा, पण जमीन कोणती ते सांगता येत नाही. नुकसानीच्या फोटोला आपण जी किंमत देतो, ती सौंदर्याच्या फोटोला देत नाही. माझा आग्रह ती द्यावी असा आहे.

वऱ्हाडाच्या परिसरात कॅमेरा पहिल्यांदा फिरला, त्या काळाकडे पाहिलं तर ही किंमत नीट कळते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली नेमला गेला. ज्या वाकाटक हरिषेणाच्या काळात तिथलं सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने खोदवलं, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. गिलने वर्षानुवर्षं खपून काढलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेली. पण त्याने पुढे कॅमेराही हाती धरला होता, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या टिपणांसह त्याची शंभर छायाचित्रं पुस्तकरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या, म्हणून ती छायाचित्रं आजही पाहता येतात. एकाच ठिकाणी जपून ठेवलेलं जळालं, वाटलेलं टिकलं. छायाचित्रं लोकांत वाटण्याच्या बाजूने याहून सरळ दाखला मला माहीत नाही. त्याच पुस्तकाने दुसरीही एक गोष्ट दाखवली. त्याच्या निसर्गविषयक भागात शिकारीत मारलेली जनावरं होती. त्या काळी ओल्या काचेवर छायाचित्र उमटायला कित्येक सेकंद लागत, आणि जिवंत हरिण तेवढा वेळ स्थिर उभं राहत नाही. निसर्गाचं छायाचित्र म्हणजे मिळवलेल्या शिकारीचा फोटो, ही सुरुवात होती. आज सेकंदाच्या हजाराव्या भागात धावतं हरिण टिपता येतं. यंत्राची अडचण सरली, पण ‘मी मिळवला’ ही वृत्ती सरली का, हा प्रश्न प्रत्येक छायाचित्र वाटताना विचारण्यासारखा आहे. शिकारीच्या फोटोत महत्त्व मिळवणाऱ्याला असतं. साक्षीत ते समोरच्या जीवाला आणि जागेला असतं.

वाशिम जिल्ह्यात अशी साक्ष कशी असते, ते पाहायचं तर कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात जावं. सन २०००मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या एखाद्या नराचं चांगलं छायाचित्र बारकाईने पाहावं. पाठ काळपट तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं. शिंगं पीळ देत वर गेलेली, आणि त्यांवर बुडापासून वरपर्यंत उमटलेली वळी. नराने मान मागे टाकलेली असेल तर ती शिंगं जवळजवळ पाठीला टेकतात. मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नजर न्यावी. तिथली ग्रंथी उघडलेली दिसली, तर हा नर नुसता उभा नाही, तो आपला इलाखा सांगतो आहे. आसपास लेंड्यांचा ढीग दिसला तर ती खूण पक्की झाली. पायांशी कुसळी गवत आहे की मारवेल, ते वाळलंय की चरून आखूड झालंय, पलीकडे धुऱ्याच्या आत तूर उभी आहे की कपाशी, हे सगळं त्याच चौकटीत येतं. म्हणजे एका छायाचित्रातून काळविटाचं वय, त्याची वागणूक, गवताची स्थिती, ऋतू आणि शेताशी असलेलं अंतर, एवढी माहिती मिळते. या माहितीची गरज आहे, कारण माळ हा आपल्याकडे मोकळा पडलेला तुकडा समजला जातो. विदर्भात गावोगावी ‘ई-क्लास’ची, म्हणजे सरकारी गायरान जमीन असते. कुणाला तिथे घर दिसतं, कुणाला खदान, कुणाला कचरा टाकायची जागा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशावहीतही झुडपी माळ पडीकच्याच सदरात मोजला जातो. जंगल तोडलं तर बुंधे मागे राहतात आणि दिसतात. माळ नांगरला की दुसऱ्याच वर्षी तिथे कधी काही होतं हे सांगायला खूण उरत नाही. अशा जमिनीवर कोण राहतं हे दाखवणारी तारखेनिशी छायाचित्रं, हीच तिच्या बाजूची कागदपत्रं.

तारखेने काय फरक पडतो, हे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याने अख्ख्या जगाला दाखवलं. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, बाहेरून कुणी येऊ शकत नव्हतं. पहिली बातमी गेली ती मोबाइलवर काढलेल्या फोटोंतून. नेहमीप्रमाणे तर्कांना ऊत आला. पण त्याच वेळी अमेरिकेच्या ‘लँडसॅट ८’ उपग्रहाने वरून टिपलेल्या दोन प्रतिमा समोर आल्या: २५ मेची हिरवट, १० जूनची गुलाबी. त्या दोन तारखांमुळे बदल कोणत्या पंधरवड्यात झाला ते ठरलं. वनविभागाने पाण्याचे नमुने घेतले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी रंगल्याचं स्पष्ट झालं. पाणी आटलं होतं, क्षारता वाढली होती. पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. रंगामुळे मान्यता मिळाली असा दावा मी करणार नाही. तिची प्रक्रिया वेगळी असते. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, अशनीच्या आघाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर किती नाजूक आहे, हे लाखो लोकांच्या मनात भरलं ते छायाचित्रांमुळे, आणि छायाचित्रांचं रूपांतर ज्ञानात झालं ते तारखांमुळे.

आकाशाचा दाखला याहूनही बोलका आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक माळ संथपणे सरकत गेली. लोकांनी मोबाइल वर धरले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. पण गावोगावच्या चित्रफितींवर वेळ आपोआप नोंदलेली होती, आणि कोणत्या गावातून ती माळ कोणत्या दिशेला दिसली हे सांगणारे लोक होते. उल्का डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते. हे तुकडे रेंगाळत गेले, म्हणजे वेग कमी होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, इतर काही गावांत धातूचे गोळे मिळाले. अवकाशातल्या वस्तूंचा मागोवा ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग ताडून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा टप्पा असावा. त्या रात्री मोबाइल उंचावणाऱ्यांपैकी कुणीही संशोधक म्हणून अंगणात उभा नव्हता. तरी त्यांनी वाटलेल्या दृश्यांनी एका आंतरराष्ट्रीय घटनेची नोंद पक्की केली. याचं श्रेय दृश्याच्या विलक्षणपणाला आहेच, पण त्याहून जास्त त्याला चिकटलेल्या वेळेला आणि गावाच्या नावाला आहे.

उलट उदाहरण आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये दर दिवाळीला येतं. अंधारात लाल, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या ठिपक्यांनी झगमगणारा भारताचा नकाशा, आणि खाली ओळ: दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश. ती दिवाळीची रात्र नाही. अमेरिकन उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे एकत्र करून ती प्रतिमा २००३मध्ये तयार केली गेली. १९९२ आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८मधले हिरवे, २००३मधले लाल. २०१२ साली ‘नासा’ने दिवाळीच्या दिवसांतली खरी उपग्रह प्रतिमा प्रसिद्ध करून हा गैरसमज खोडून काढला, तरी ओळ फिरतेच आहे. यात खोटं पसरलं हे वाईट. त्याहून वाईट म्हणजे खरं हातातून निसटलं. ती प्रतिमा आपल्या देशातली रात्र दहा-बारा वर्षांत कुठे कुठे उजळली याचा मौल्यवान दस्तऐवज होती. कुठल्या तालुक्यात वीज पोहोचली, कुठली शहरं पसरली, कुठलं आकाश फिकं झालं, हे त्या रंगांत वाचता आलं असतं. एका चुकीच्या ओळीने तो दस्तऐवज शुभेच्छापत्र झाला. छायाचित्र जितकं देखणं, तितकी त्याची ओळ जबाबदारीने लिहायला हवी, हा धडा मी यातून घेतो.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हलका नाही. कॅमेरा दाखवतो तसं आकाश डोळ्यांना दिसतच नाही, मग ती साक्ष कशी? वाशिमच्या आकाशाचं एक छायाचित्र घेऊन याचं उत्तर देता येतं. एप्रिल-मे महिन्यात अमावास्येच्या आसपास, मध्यरात्र उलटल्यावर, धनू राशीकडचा आकाशगंगेचा भाग दक्षिणेला चढतो. वाशिमच्या अक्षांशावरून तो क्षितिजाच्या वर सुमारे ४१ अंशांपर्यंत जातो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा इथून तो कितीतरी चांगला दिसतो. मे महिन्याच्या संध्याकाळी त्रिशंकू दक्षिण क्षितिजालगत उभा असतो आणि ध्रुव उत्तरेला २० अंशांवर. दोन्ही एकाच माळावरून दिसणं ही या अक्षांशाची देणगी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून २० सेकंद उघडा ठेवला, की नुसत्या डोळ्यांना राखाडी वाटणारा पट्टा जांभळट, पिवळट होऊन उमटतो आणि त्यातले काळे धुळीचे ढग स्पष्ट होतात. यात खोटं काही नाही. अंधारात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत आणि त्या प्रकाश साठवूनही ठेवू शकत नाहीत, कॅमेरा साठवतो. मोबाइलचा रात्रीचा मोडही एकामागून एक अनेक चित्रं घेऊन त्यांची बेरीज करतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जीव जितका खरा, तितकाच हा रंग खरा. खोटेपणा सुरू होतो तो दुसऱ्या रात्रीचा मोठा चंद्र आणून चिकटवल्यावर, तासाभरात काढलेल्या कित्येक चौकटींतले काजवे एकत्र करून ते एका क्षणाचे म्हणून दाखवल्यावर, किंवा संगणकाने रचलेलं दृश्य आपल्या गावाचं म्हणून वाटल्यावर. उपाय साधा आहे: किती वेळ कॅमेरा उघडा होता, किती चित्रं जोडली, ते लिहावं. जोडणं गैर नाही, लपवणं गैर आहे. प्रामाणिक चित्रात शिवाय नको असलेलंही येतं. उपग्रहाची सरळ रेघ येते, क्षितिजावर अमरावतीचा आणि अकोल्याचा नारिंगी उजेड येतो, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजवरचे दिवे येतात. सुंदर दिसावं म्हणून तो उजेड पुसून टाकणारा माणूस पुरावाच पुसत असतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: फोटो वाटले की गर्दी येते आणि गर्दी आली की जागेची वाट लागते. कासच्या पठाराला हे भोगावं लागलं. २०१२ साली जागतिक वारसा यादीत नाव गेल्यावर आणि फुलांचे गालिचे घरोघर पोहोचल्यावर तिथे दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा घालावी लागली. भंडारदऱ्याच्या काजव्यांची तीच कथा: ज्या किड्यांचं मीलन अंधारावर अवलंबून, त्यांना पाहायला गाड्यांच्या दिव्यांच्या रांगा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, ती अर्थातच फोटोच्या हव्यासापायी. हे सगळं मी मान्य करतो. पण उमरेडच्या प्रसंगाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: हा प्रकार उघड झाला तो चित्रफितीमुळेच. तीच लोकांत फिरल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि दोषी चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली. म्हणजे वाटण्यामुळे हानीही होते आणि हानीला आळाही बसतो. प्रश्न काय वाटायचं आणि काय राखून ठेवायचं याचा आहे. न्यायालयातही साक्षीदाराचं नाव गरज पडल्यास गुप्त ठेवतात, म्हणून साक्ष रद्द होत नाही. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ‘ई-बर्ड’ संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा लोकांना दाखवत नाही. ‘आय-नॅचरलिस्ट’ धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं. तारीख पूर्ण, जागा तालुक्यापुरती, नेमका बिंदू फक्त वनविभागाला किंवा अभ्यासकाला, हा व्यवहार वाशिमलाही सहज पाळता येईल. घरट्याचा फोटो मुळात काढूच नये. काळविटाचा कळप उधळवून पळतानाचा फोटो मिळवू नये. पाडसं मागे पडतात आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. आकाशाला मात्र गर्दीने इजा होत नाही. वाशिमच्या आकाशाचं ठिकाण लपवायची काहीच गरज नाही, आणि माणसं आलीच तर त्यांनी दिवे बंद करून यावं एवढंच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याचं पोट भरणं मुश्कील, तिथे आकाशगंगेचं कौतुक कुणाला? सोयाबीनचा भाव पडलेला असताना काळविटाच्या शिंगांवरची वळी कुणी मोजायची? यात भर अशी, की काळवीट आणि रोही त्याच शेतकऱ्याचं पीक खातात. आणि रात्र त्याच्या वाट्याला सौंदर्य म्हणून येत नाही. तो जागलीला जातो, कारण रानडुकरं येतात. मध्यरात्री पाणी द्यायला जातो, कारण कृषिपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते. आणि जाताना विजेच्या धक्क्याची व सापाची भीती सोबत असते. या आक्षेपाला उत्तर देताना एक गोष्ट मी आधी मान्य करतो: उपाशी माणसाला सुंदर चित्र दाखवून गप्प करता येत नाही, करूही नये. पण आकाश पाहणं ही शहरी चैन आहे, हे गृहीतक चुकीचं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आणि त्यानंतर बंजारा व कोलामांच्या आकाशविषयक समजुती गावोगाव फिरून नोंदवल्या. वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी ज्यांचं श्रद्धास्थान, त्या बंजारा समाजाचे पूर्वज तांडे घेऊन रात्री-बेरात्री चालत. त्यांना तारे ओळखणं भागच होतं. सप्तर्षींत म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर पाहणारी कथा आपल्या आज्यांनी सांगितली, ती काही दुर्बीण विकत घेऊन नव्हे. रोहिणी, मृग, हस्त या नक्षत्रांवर आजही पेरणीची आणि पावसाची बोलणी होतात. हे आकाश शेतकऱ्याचंच आहे, आणि त्याची सर्वांत जास्त साक्ष त्याच्याकडे आहे, कारण रात्री बाहेर असतो तोच.

पिकाच्या नुकसानीबद्दलही छायाचित्राने एकच बाजू मांडू नये. माळावरचा डौलदार नर आणि पहाटे चरून फस्त झालेलं तुरीचं तास, ही दोन्ही एकाच गावाची छायाचित्रं आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. पहिलं लपवलं तर माळ हातचा जाईल. दुसरं लपवलं तर शेतकरी माळाचा वैरी होईल. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषिवाहिनी योजना चालली आहे आणि तिच्यासाठी सरकारी, गायरान जमिनी लागतात. दिवसा वीज मिळणं हा शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तिला विरोध करण्याचं काहीच कारण नाही. पण कोणत्या ई-क्लासवर काळविटांचा कळप वर्षभर असतो आणि कोणती खरोखर उजाड आहे, हे ठरवताना कुणाकडे तारखेनिशी छायाचित्रं असतील तर निवड शहाणपणाने होईल. नसतील तर कागदावर दोन्ही जमिनी सारख्याच पडीक दिसतील. साक्षीचा उपयोग भांडणात एका बाजूला जिंकवण्यापुरता नसतो. निवाडा नीट व्हावा म्हणूनही ती लागते.

या साक्षीला घाई आहे, कारण काळोख टिकून राहील याची हमी नाही. जानेवारी २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०११ ते २०२२ या काळात सामान्य लोकांनी नोंदवलेल्या ५१,०००हून अधिक निरीक्षणांवरून, रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे आज जिथे २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. पण त्या नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. आपल्याकडचं आकाश किती वेगाने फिकं होतंय, हे सांगायला आपल्याकडच्या नोंदीच कमी आहेत. आणि काहीच करता येत नाही असंही नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले गेले. दिवे काढले नाहीत, त्यांचा उजेड खाली वळवला. रस्त्यावर पडणारा उजेड माणसाच्या कामी येतो, आभाळात जाणारा कुणाच्याच नाही. त्याचं बिल मात्र ग्रामपंचायत भरते.

म्हणून वाशिमच्या माळावर किंवा गच्चीवर कॅमेरा वा मोबाइल घेऊन उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. छायाचित्र काढा आणि मोकळ्या मनाने वाटा. त्याखाली तालुका लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा, कसं टिपलं ते लिहा. जीव नाजूक असेल तर नेमकी जागा राखून ठेवा आणि वनविभागाला कळवा. क्षितिजावरचा नारिंगी उजेड पुसू नका. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून, तेच आकाश पुन्हा टिपा, आणि आधीची छायाचित्रं टाकून देऊ नका. गावच्या शाळेत त्यांची एक वही ठेवा, म्हणजे मुलांनाही ती हाताळता येईल. वाशिमपाशी काय नाही, याच्या याद्या सरकारकडे आहेत. काय आहे, याची यादी वाशिमकरांनीच करायची आहे, आणि ती करायला लागणारं साधन आज जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे.